स्पोर्ट क्वाड की युटिलिटी? पहिल्यांदा घेणाऱ्यांसाठी

माझी पहिली क्वाड, म्हणजे मोटरसायकलसारखं हँडल असलेली चारचाकी, मी दिसण्यावर भाळून घेतली. बुटकी, रुंद, मागे दोन जाडजूड टायर. विकणाऱ्याने चालू करून थोडी रेस दिली, तो आवाज ऐकला आणि माझं ठरलं. माझी कामं काय होती? कुंपणाची फेरी मारायची, पाइप आणि अवजारं इकडून तिकडे न्यायची, लाकडं ओढून आणायची आणि सुटीच्या दिवशी जरा भटकायचं. सहा दिवस ओझं आणि एक दिवस मजा. मी गाडी घेतली ती त्या एका दिवसासाठी.

महिन्याभरातच एका अरुंद वाटेवर समोर झाड आडवं पडलेलं. दोन्ही बाजूंनी झुडपं, आणि गाडीला रिव्हर्स गिअर नाही. खाली उतरलो, मागची पकडायची नळी धरली, मागची बाजू उचलून हातभर सरकवली, दम खाल्ला, पुन्हा उचलली. असं करत करत तोंड फिरवलं. पुढचे चार दिवस वाकून चपला घालता येत नव्हत्या. गाडी चांगली होती, फक्त माझ्या कामाची नव्हती. तुमचं तसं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

१. सीसी विसरा, आधी दोन्ही जाती ओळखा

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती सीसी?" या प्रश्नातून काहीच कळत नाही. यामाहाच्या दोन गाड्या घ्या. रॅप्टर ७०० ही स्पोर्ट, ग्रिझली ७०० ही युटिलिटी. दोन्हींत एका सिलिंडरचं ६८६ सीसी इंजिन येतं (ग्रिझलीत मध्ये काही वर्षं ७०८ सीसीचं होतं). कागदावर सख्ख्या बहिणी. आता बाकीचं बघा. रॅप्टरचं वजन पेट्रोलसकट साधारण १९० किलो, ग्रिझलीचं तीनशेच्या वर. रॅप्टरची सीट जमिनीपासून सुमारे ८१ सेंटिमीटरवर, ग्रिझलीची त्याहून १० सेंटिमीटर तरी उंच. रॅप्टरच्या टाकीत ११ लिटर पेट्रोल मावतं, ग्रिझलीच्या टाकीत १८.

सगळ्यात मोठा फरक पोटाखाली आहे. रॅप्टरचा सगळ्यात खालचा भाग जमिनीपासून जेमतेम ११ सेंटिमीटरवर असतो, ग्रिझलीचा २८-३० वर. स्पोर्ट गाडीत मागची दोन्ही चाकं एका आडव्या दांड्यावर असतात, त्याच दांड्यावर चेनचं चाक आणि ब्रेकची डिस्क लटकते, आणि टायर लहान. सस्पेन्शन कितीही भारी असलं तरी तो दांडा चाकांबरोबरच वरखाली होतो, म्हणून त्याच्याखालची जागा काही वाढत नाही. माळावर उड्या मारताना याने काही बिघडत नाही. गोट्यांनी भरलेल्या ओढ्यात मात्र पहिला दणका तिथेच बसतो.

थोडक्यात ओळख अशी. स्पोर्ट म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, चेन, हाताने चालवायचा क्लच, पायाने बदलायचे गिअर, जास्त वरखाली होणारे शॉक अब्सॉर्बर, रॅक नाही. युटिलिटी म्हणजे बहुतेक वेळा चारही चाकांना ताकद, चेनऐवजी शाफ्ट, बऱ्याच गाड्यांत बेल्टवर चालणारं ऑटोमॅटिक, हळू आणि जोरदार चालीसाठी वेगळा लो गिअर, पुढेमागे रॅक आणि ट्रेलरचा हूक.

या दोन वाटा फुटल्या १९८० च्या दशकात. सुझुकीने १९८२ मध्ये एलटी१२५ ही चारचाकी आणली. १९८५ मध्ये त्याच कंपनीची एलटी२५०आर थेट शर्यतीच्या अंगाने आली, आणि १९८६ मध्ये होंडाने चारही चाकं ओढणारी फोरट्रॅक्स ३५० काढली. त्याआधी तीनचाकी होत्या. त्या इतक्या उलटायच्या की १९८८ मध्ये अमेरिकेत कंपन्यांनी त्यांची विक्री थांबवायचं कबूल केलं. जुन्या बाजारात तीनचाकी स्वस्तात दिसली तर फोटो काढा आणि पुढे चला.

२. एक आठवडा वही ठेवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण मी केलं असतं तर माझी कंबर वाचली असती. सात दिवस रोज रात्री लिहा: आज क्वाड असती तर कुठे नेली असती, बरोबर काय होतं, किती वेळ, कोणत्या जमिनीवरून. जे खरंच झालं तेवढंच लिहायचं. "कधीतरी वाळूच्या टेकड्यांवर जाईन" हे वहीत यायला नको.

आठवड्याअखेर ओझं, ट्रेलर, चिखल, फवारणी हे शब्द तीन-चारदा आले असतील तर युटिलिटी. एकदाही आले नाहीत आणि "फेरफटका" सोडून दुसरं काही नाही, तर स्पोर्ट घ्या आणि अपराधी वाटून घेऊ नका. मजेसाठी गाडी घेणं हे काही पाप नाही. फक्त कामासाठी घेतोय असं घरच्यांना सांगू नका, ते लक्षात ठेवतात.

३. जमीन काय म्हणते?

कोरडी माती, वाळू, मोकळा माळ, वळणांची मळलेली वाट: इथे स्पोर्ट गाडीची मजा युटिलिटीला कधीच येणार नाही. ती हलकी असते, वळणात मागून हलकीच घसरते, उडी मारून उतरली की सस्पेन्शन धक्का गिळून टाकतं. तीनशे किलोची गाडी तशी उडवली तर रॅक, सांधे आणि तुमचे गुडघे एकदम तक्रार करतात.

चिखल, ओलं गवत, दगडी चढ, पाण्यातून वाट: इथे चार चाकं ओढणारीच हवी. डिफरेन्शियल लॉकही (पुढची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरवणारी सोय) असेल तर उत्तम. पण लॉक हा अडकल्यावर सुटण्यासाठी असतो. तो लावला की हँडल दगडासारखं जड होतं. तो लावून वेगात वळायला जाल तर गाडी सरळच जाईल.

डांबरी रस्त्यावर दोन्ही जाती वाईट. मागची चाकं एकाच दांड्यावर असली की वळताना दोन्ही सारख्याच वेगाने फिरतात. बाहेरच्या चाकाला मात्र जास्त अंतर कापायचं असतं. मातीवर आतलं चाक घसरून ही तडजोड करतं. डांबरावर टायर चिकटून बसतो, गाडी वळायचं नाकारते आणि तुम्ही जोर लावलात की आतली चाकं उचलली जातात. शिवाय बहुतेक देशांत क्वाड सार्वजनिक रस्त्यावर न्यायचे नियम कडक आहेत. तुमच्याकडे काय चालतं ते गाडी घेण्याआधी विचारा.

४. ओझ्याचा हिशेब

युटिलिटी घ्यायची म्हणजे पुढच्या रॅकवर साधारण ४०-५० किलो आणि मागच्यावर ८०-९० किलो ही मर्यादा धरून चाला. ओढण्याच्या ताकदीत फरक मोठा आहे. होंडाच्या रँचर ४२० ला ३८५ किलो ओढायची परवानगी आहे, ग्रिझली ७०० ला सुमारे ६००. या आकड्यात ट्रेलरचं स्वतःचं वजनही येतं, हे लोक विसरतात. रॅकच्या आकड्यांशिवाय गाडीवर एकूण किती वजन चालेल याचीही एक मर्यादा असते आणि त्यात तुम्ही स्वतःही असता. मी नव्वद किलोचा आहे, त्यामुळे मला हा आकडा चांगला पाठ आहे.

मागचं सस्पेन्शन कसं आहे ते इथेच ठरवा. एक दांड्याचं असेल तर ओझ्याखाली फारसं बसत नाही, ट्रेलर ओढायला बरं, आणि सांधे कमी असल्याने दुरुस्तीही कमी. दोन्ही चाकं स्वतंत्र असतील तर खडबडीत वाटेवर पाठ वाचते आणि पोट दगडांवर आपटत नाही, पण मागे वजन टाकलं की गाडी खाली बसते. रोज ट्रेलर असेल तर पहिलं, रोज दगडी वाट असेल तर दुसरं.

फवारणीची टाकी लावणार असाल तर एक सापळा आहे. अर्धी भरलेली टाकी पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा जास्त फसवते. वळताना पाणी एका बाजूला धावतं आणि गाडीचा तोल त्याच्या मागे जातो. टाकीत आतून आडव्या पट्ट्या असलेलीच घ्या.

स्पोर्ट गाडीला नंतर रॅक बसवून घेऊ, असा विचार डोक्यात असेल तर काढून टाका. मी तोही प्रयोग केला. मागे वजन पडल्यावर पुढचं टोक इतकं हलकं झालं की हँडल वळवलं तरी गाडी विचारात पडल्यासारखी सरळ जायची.

५. उलटण्याच्या दोन तऱ्हा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुकानात कोणी बोलत नाही.

स्पोर्ट गाडी वेगाने उलटते. चढावर ॲक्सिलरेटर जास्त दाबला की पुढची चाकं उचलली जातात आणि गाडी मागे स्वाराच्या अंगावर येते. किंवा वेगात वळताना चाक एखाद्या खाचेत अडकतं आणि ती बाहेरच्या बाजूला फेकली जाते. युटिलिटी हळू उलटते. आडव्या उतारावरून रमतगमत जाताना वरच्या बाजूचं चाक एका दगडावर चढतं, रॅकवर ओझं असतं, आणि ती सावकाश, जणू परवानगी मागत, कलंडते. वेग नसतो म्हणून माणूस बेसावध असतो, आणि खाली तीनशे किलो येतात. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांचा पाय असाच अडकला. इंजिन बंद, गाडी शांत, आणि ते अर्धा तास कोणी येईल म्हणून पडून.

ऑस्ट्रेलियाने यावर कायदाच केला. ११ ऑक्टोबर २०२१ पासून तिथे नव्या युटिलिटी क्वाडला मागे संरक्षक कमान असावीच लागते, म्हणजे गाडी कलंडली तर स्वाराच्या वर थोडी पोकळी उरते. शिवाय २८.८१ अंशांपेक्षा कमी आडव्या उतारावर ती दोन चाकांवर उचलली जाता कामा नये. स्पोर्ट गाड्या या नियमातून वगळल्या आहेत, कारण त्यांचा वापरच वेगळा. अमेरिकेच्या मानकातही दोन वर्ग वेगळे आहेत: 'जी' म्हणजे सर्वसाधारण वापराची आणि 'एस' म्हणजे स्पोर्ट. दोन्ही १६ वर्षांवरच्यांसाठी, पण 'एस' वर्ग अनुभवी स्वारांसाठीच असं त्यात स्पष्ट म्हटलंय. मुलांसाठी लहान गाड्या असतात. मोठी गाडी "हळू चालव हं" म्हणून मुलाच्या हातात देऊ नका.

आणि ती लांबलचक सीट. ती मागे कोणाला बसवायला नाही. चढावर पुढे सरकायला, उतारावर मागे सरकायला आणि वळणात आतल्या बाजूला झुकायला ती लांब ठेवलेली असते. मागे माणूस बसला की तुमच्या अंगाची ही हालचालच बंद होते. दोघांनी नेहमी जायचं असेल तर दोघांसाठी बनवलेलं मॉडेल घ्या, किंवा स्टिअरिंग आणि शेजारी शेजारी सीट असलेल्या गाड्या बघा. तो वेगळा विषय आहे.

६. बसून बघा

फोटोवरून ठरवू नका. पायट्यांवर उभे राहा: गुडघे थोडे वाकलेले असताना हँडल सहज हातात यायला हवं. हँडल एका टोकापर्यंत वळवा: बाहेरचा हात ताणून खांदा पुढे ओढला जात असेल तर गाडी तुम्हाला मोठी आहे. ॲक्सिलरेटर अंगठ्याने दाबायचा असतो, मोटरसायकलसारखा पिळायचा नाही. पहिल्या दिवशी अंगठा भरून येतो. आठवड्यात सवय होते.

ज्यांनी क्लच कधी चालवला नाही त्यांना स्पोर्ट गाडी पहिले काही दिवस छळते. ती घ्यायचीच असेल तर ४५० च्या शर्यतीच्या गाडीपासून सुरुवात करू नका. होंडाच्या २५०एक्स किंवा १९९९ मध्ये आलेल्या जुन्या ४००ईएक्ससारखी सौम्य गाडी घ्या. यामाहाच्या जुन्या बॅन्शीची आठवण काढून कोणी टू-स्ट्रोक सुचवेल. ती खालच्या वेगाला झोपलेली असते आणि मग एकदम जागी होते. ते जागं होणं पहिल्याच चढावर अनुभवायची गरज नाही.

मधला मार्ग आहे का? आहे. कॅन-ॲम रेनेगेडसारख्या गाड्या चार चाकं ओढतात आणि अंगाने स्पोर्टकडे झुकतात. पण त्या जड आणि अतिशय जोरदार आहेत. "दोन्हींचं थोडं थोडं" म्हणून नवख्याने घ्यायच्या नव्हेत. थोडं काम, थोडी मजा असेल तर मी मधल्या इंजिनाची साधी युटिलिटी सुचवीन.

७. जुनी गाडी तपासताना

बरोबर न्या: टॉर्च, हातमोजे, जुनं फडकं, प्लग पाना आणि कमी दाबाचा हवामापक. कारचा मापक इथे चालत नाही, क्वाडच्या टायरमध्ये साधारण ३ ते ७ पीएसआय एवढीच हवा असते आणि एका पीएसआयच्या फरकानेही गाडी एका बाजूला ओढते.

पोचल्याबरोबर इंजिनाला हात लावा, हातमोजा काढून. मी दुसरी गाडी बघायला गेलो तेव्हा विकणारे म्हणाले, "आठ दिवस हात लावला नाही तिला." इंजिन चांगलं गरम होतं. इंजिन थंड असताना चालू व्हायला त्रास देणारी गाडी आधीच तापवून ठेवतात. मी चहा न घेताच निघालो.

दोन्ही जातींत बघायचं: पुढची चाकं उचलून वरखाली आणि आडवी हलवा, खडखड आली तर बेअरिंग किंवा सांधे गेलेत. एअर फिल्टर काढून त्याच्या मागच्या नळीत बोट फिरवा. बोटाला बारीक धूळ लागली तर ती धूळ इंजिनातही गेलीय, गाडी सोडा. ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. अंगठ्याचा ॲक्सिलरेटर सोडल्यावर टचकन परत यायला हवा.

स्पोर्टमध्ये: मागचा दांडा वाकला आहे का (चाक फिरवून बघा, डुलतं का), चेनच्या चाकाचे दात झिजून टोकदार झालेत का, फ्रेमच्या जोडांवर ताजा रंग आहे का. ताजा रंग म्हणजे खाली भेग असण्याची शक्यता. शर्यतीच्या ४५० असतील तर व्हॉल्व्हची फट शेवटची कधी तपासली ते विचारा. उत्तर लगेच आलं नाही तर तपासलेलीच नाही.

युटिलिटीमध्ये: चाकांकडे जाणाऱ्या सांध्यांवरची रबरी टोपी फाटलीय का, फोर व्हील खरंच लागतं का (चिखलात किंवा खडीवर घालून बघा, नुसता दिवा लागला म्हणून खूश होऊ नका), बेल्टचा जळका वास येतो का, रेडिएटरच्या जाळ्या चिखलाने बुजल्यात का. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून बघा. काही जुन्या बेल्टवाल्या गाड्यांत इंजिन गाडीला रोखत नाही, ती मोकळी सुटते. डोंगराळ भागात राहणाऱ्याने अशी गाडी घेऊ नये.

८. कागद

मालकीचा कागद, त्यावरचा चेसिस नंबर, आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर. दोन्ही अक्षर न् अक्षर जुळवा. नंबरची जागा घासलेली किंवा रंगवलेली असेल तर किंमत कितीही गोड असो, नको. मूळ माहितीपुस्तक मागा, ओझ्याचे आणि हवेच्या दाबाचे खरे आकडे त्यातच असतात. सर्व्हिसच्या पावत्या, कर्ज फिटल्याचा कागद, आणि तुमच्याकडे लागत असेल तर नोंदणी व विमा.

९. पहिले दहा तास

हेल्मेट, गॉगल, हातमोजे, घोट्याच्या वर येणारे बूट, पूर्ण बाह्या. इंजिन बंद करणारी दोरी गाडीबरोबर असेल तर मनगटाला अडकवा.

मोकळ्या सपाट जागेत दोन दगड ठेवून इंग्रजी आठचा आकडा काढत राहा, हळू, दोन्ही बाजूंना. क्वाड नुसतं हँडल वळवून वळत नाही. अंग आतल्या बाजूला झुकवून भार बाहेरच्या पायटीवर टाकावा लागतो, तेव्हाच आतलं मागचं चाक थोडं मोकळं होऊन वळण बसतं. मोटरसायकलवरून आलेल्यांना मोठा धोका पायाचा. तोल गेल्यासारखं वाटलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर जातो, आणि मागचं चाक त्याच पावलावरून जातं. पहिल्या तासात माझा पाय तीनदा खाली गेला. तिसऱ्यांदा बुटाच्या टाचेवर टायरची नक्षी उमटली. त्या दिवसापासून पाय पायट्यांवरच असतात.